दाजी, ते औषध मी ठेवलं होतं

दाजी, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून आम्ही चार पावलं मागे सरतोय तोवर एक उतरला, मान वाकडी करून भाताकडे पाहिलं आणि चोच घातली. घाटावर जमलेल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. “सुखानं गेला माणूस, कायबी राहिलं न्हाई त्याचं,” असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. अक्काच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा जरा निवांतपणा दिसला. मी एकटाच त्या कावळ्यावर चिडलो होतो.

तुम्हाला हसू आलं असतं. चोवीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवणारा, शकुन-अपशकुनाची टर उडवणारा तुमचा मेहुणा, आणि रागावतो कुणावर, तर कावळ्यावर. मला कळतं की नदीवरच्या त्या कावळ्यांना रोज कुणाचा ना कुणाचा पिंड मिळतो. ते माणसांना बुजत नाहीत, भात दिसला की उतरतात. तरी वाटत होतं, यानं जरा थांबायला हवं होतं. तुमचं काही राहिलं नसेल, माझं राहिलं होतं. घाटाच्या वर, रस्त्याच्या पलीकडे, सोपानभाऊ आपल्या टेम्पोला टेकून उभे होते. तुमचे सख्खे चुलतभाऊ, लहानपणापासून एका ताटात जेवलेले, आणि खाली उतरले नाहीत. दीड वर्षापूर्वी एका घुबडावरून तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत. त्या घुबडाला त्यांनी हातही लावला नव्हता. ते माझ्यामुळे मेलं. हे मला माहीत होतं आणि तुम्हाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

मी यायचो ते रविवारी. निगडीहून बस धरायची, मग चाकणच्या चौकातून जे मिळेल ते. अक्काच्या हातचं जेवण हे सांगायचं कारण. खरं म्हणजे तुमच्याशी वाद घातल्याशिवाय माझा आठवडा संपायचा नाही. मेहुण्याची चेष्टा करणं हा दाजींचा हक्कच, आणि तुम्ही तो पुरेपूर वापरायचात. “या मास्तर, आज काय शिकवताय आमाला?” इथून सुरुवात व्हायची. पण चारचौघांत मात्र “आमचे मास्तर” म्हणून माझी ओळख करून देताना तुमची छाती माझ्यापेक्षा जास्त फुगायची. त्या “आमचे मास्तर”नंच पुढं माझं तोंड बंद केलं, पण ते नंतर सांगतो.

तो रविवार तुम्हाला आठवत असेल. जेवायच्या आधीच तुम्ही मला हाताला धरून शेडमध्ये नेलंत. पाच एकरांतली तीन एकर गोदामाखाली गेली होती, उरलेल्या दोनात बाजरी आणि कांदा, कडेला भाड्याच्या चार खोल्या आणि मधोमध तो जुना पत्र्याचा शेड. वर छपराला पेलणाऱ्या कैचीच्या सांध्यात पांढरट काहीतरी होतं. डोळे अंधाराला सरावले तेव्हा चेहरा दिसला, मधोमध कापलेल्या सफरचंदासारखा.

“ही आमची थर्ड शिफ्टवाली,” तुम्ही कुजबुजलात. “आमी पाठ टेकली की हिची ड्युटी सुरू. रजा न्हाई, ओव्हरटाइम न्हाई, कँटीनचा चहा बी नगं.”

मी लगेच मास्तरकी केली. हिला गव्हाणी घुबड म्हणतात, ही मुख्यतः उंदरांवर जगते, वगैरे. तुम्ही म्हणालात, “नाव कायबी आसू द्या, हजेरी रोज आसती.”

खाली फरशीवर अंगठ्याएवढ्या करड्या गोळ्या पडल्या होत्या. तुम्ही त्या घाण समजून झाडून टाकायचात. मी सांगितलं, घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस आणि हाडं अशी गोळी करून तोंडानं बाहेर टाकतं. तुमचा विश्वास बसेना. मग एक गोळी कोमट पाण्यात भिजवून, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, आपण दोघं दातकोरण्यांनी ती सोडवायला बसलो. अक्का आतून ओरडली, “जेवायच्या येळेला काय घाण घेऊन बसलाय रं दोघं!” तीन कवट्या निघाल्या. दोन उंदरांच्या, पिवळ्या पुढच्या दातांसकट, आणि एक लांब नाकाडाची चिचुंद्रीची. तुम्ही चष्मा लावून इतके वाकलात की नाक कागदाला लागलं. दहा मिनिटं तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमच्या बाबतीत हा विक्रमच.

मग मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला चित्र काढलं. खाली ऊन, वर बाजरी, तिच्यावर उंदीर, टोकाला घुबड. उन्हातली ऊर्जा बाजरीत साठते, बाजरीतली उंदराकडे जाते, उंदरातली घुबडाकडे. पण सगळी जात नाही. ढोबळमानानं प्रत्येक पायरीवर दहातला एकच भाग वर चढतो.

“आन नऊ?”

“नऊ वाया जातात. उष्णता होऊन निघून जातात.”

तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत. “मास्तर, मी एकोणीस वर्सं कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर हाय. शंभर किलो पत्रा आत घालून धा किलोचा माल काढला, तर सुपरवायझर मला गेटाभाईर बसवंल. तुमचा निसर्ग लई रिजेक्शन काढतो राव.”

मी हसलो आणि समजावून सांगायला लागलो. पत्र्याचं भंगार वितळवून पुन्हा पत्रा करता येतो. तसं उंदराचं, घुबडाचं, बाजरीच्या ताटांचं शेवटी मातीत जाऊन पुन्हा पीक होतं. वस्तू फिरून येते. ऊर्जा येत नाही. ती एकदा ऊब होऊन गेली की गेली. म्हणून तर सूर्याला रोज कामावर यावं लागतं.

“ते पटलं,” तुम्ही म्हणालात. “पण वाया का म्हंता? दिसभर चालल्याल्या प्रेसला कधी हात लावून बघितलाय? चटका बसतो. ती वीजच हाय न्हवं, गरम हून गेल्याली? ती गेली म्हणून कोण रडत बसतं का? ती गेली म्हणून तर पार्ट निघाला. उंदीर पळाला, त्याच्या बाईनं पिल्लं वाढवली, ही बया रोज उडती, ते कशाच्या जिवावर? त्याच नऊ भागांच्या. वाया म्हणू नका. लागलं म्हणा.”

“परीक्षेत मुलांनी ‘लागलं’ लिहिलं तर मार्क जातील, दाजी.”

“मग परीक्षा चुकली आसंल.”

त्यावर अक्कानं भाकरी वाढली म्हणून वाद थांबला, मिटला नाही. पुढं कितीतरी रविवार तो उकरून निघाला. तुम्ही एकदा पहिली शिफ्ट संपवून कांद्याची पिशवी द्यायला माझ्या शाळेत आलात आणि मी तुम्हाला तसंच, कंपनीच्या निळ्या कपड्यांत, दहावीच्या वर्गात उभं केलं. तुम्ही आधी घामाघूम झालात. मग फळ्यावर प्रेस काढलात आणि अन्नसाखळी शिकवलीत. निम्म्या मुलांचे बाप कंपन्यांत. मशिन गरम का होतं हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. दापोडीहून येणारी एक मुलगी म्हणाली, “माझे पप्पा पण घरी आले की गरम असतात, सर.” सगळा वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. “बरोबर हाय पोरी,” म्हणालात. तो धडा मी तेव्हापासून तुमच्याच पद्धतीनं शिकवतो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कौतुक करायला मला नेहमीच उशीर होतो आणि चूक कबूल करायला त्याहून.

अधूनमधून तिचा नरही शेडमध्ये दिसायचा. घुबडांची एकच जोडी का, दुसरी का येत नाही, असं तुम्ही विचारलं होतंत. मी म्हटलं, टोकावरच्या एकाला पोसायला खाली फार मोठा पाया लागतो. तुम्ही गोदामाच्या लांबलचक पत्र्याकडे बघत राहिलात. “व्हय. त्या पत्र्यावर बी ऊन पडतंच की. पण ते कुणाच्या पोटात जात न्हाई.” तुमचीच तीन एकर होती ती. पण तुम्ही ते रडगाणं म्हणून बोलला नव्हता, मोजमाप सांगावं तसं बोललात.

आता मे महिन्याचं सांगतो.

तुमच्या लेकीला मारुंजीत बाळ झालं आणि तुम्ही दोघं आठ दिवस तिच्याकडे गेलात. “मास्तर, तुमाला सुट्टीच हाय, जरा शेडकडं बघा,” म्हणालात. मी खुशीनं राहिलो. दुसऱ्याच दिवशी भाडेकरू पोरं तक्रार घेऊन आली. परभणीकडची चार पोरं, शिफ्टवरून आल्यावर बघतात तर पिठाचा डबा उपडा आणि मोटारसायकलची वायर कुरतडलेली. शेडमध्ये जाऊन पाहिलं तर बाजरीच्या दोन पोत्यांना भोकं. मला वाटलं, दाजी यायच्या आत बंदोबस्त करून दाखवू. मास्तर नुसते बोलत नाहीत, हे एकदा कळू द्या त्यांना.

चाकणच्या बाजारात बियाणं-औषधांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या चाचांनी निळ्या वड्यांचं पुडकं काढलं. “हे घ्या सर. हळू काम करतं. उंदराला शक येत नाय. चार-पाच दिवसांनी भाईर जाऊन मरतो, घरात वास नाय.” पुडकं देताना त्यांनी विचारलंही, “घरी मांजर, कुत्रं हाये का? मग सांभाळून हां.” मी म्हटलं, नाही. त्यांनी घुबडाचं विचारलं नाही. कोण विचारणार?

पण मला तिची आठवण झाली होती, दाजी. हे लिहितानाच हात थांबतो. दुकानाच्या पायरीवर, पुडकं हातात धरून, मी क्षणभर थांबलो होतो. मग मनाशी म्हटलं, घुबड जिवंत उंदीर पकडतं, मेलेला खात नाही. अर्धवट ज्ञान म्हणतात ते हेच. चार-पाच दिवस तो उंदीर जिवंतच असतो. फक्त सुस्त होतो, धडपडतो, उघड्यावर बसून राहतो. म्हणजे तिच्यासाठी ताटात वाढलेला. आणि ऊर्जा जरी पायरीगणिक दहातला एक भाग होत जाते, विष तसं कमी होत नाही. ते खालच्या पायऱ्यांवरून गोळा होत वर चढतं आणि टोकावर बसलेल्याला सगळ्यात जास्त मिळतं. हे मी दरवर्षी शिकवतो. तुमच्या त्या धड्याच्या पुढच्याच पानावर आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

तुम्ही परत आलात आणि शेडमध्ये चक्कर मारून खूश झालात. “मास्तर, थर्ड शिफ्टवालीनं टार्गेट पुरं केलं वाटतं!” मी सांगणारच होतो. पण तुम्ही तिचं इतकं कौतुक करत होता की म्हटलं, घेऊ दे बिचारीला श्रेय. जेवताना सांगू, असं म्हणून राहिलं. तोवर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. “मास्तर, या जरा.” एवढंच. आलो तेव्हा तुम्ही शेडमध्ये उकिडवे बसला होता. ती फरशीवर उताणी पडली होती, दोन्ही पंख उघडे. जखम कुठंच नव्हती. चोचीशी रक्ताचा एक वाळलेला थेंब होता. मला पाहताक्षणी कळलं.

“दगडाचा मार न्हाई,” तुम्ही म्हणालात. “काय झालं आसंल? तुमी शिकल्यालं, तुमीच सांगा.”

मी म्हटलं, “विष असावं.”

खोटं बोललो नाही. खरं तेवढंच सांगितलं जेवढ्यानं दुसरा माणूस अडकेल. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, “सोपान्या.”

तुमचा संशय हवेतला नव्हता, हेही खरं. सोपानभाऊंच्या आई, तुमच्या चुलती, महिनाभर खाटेवर होत्या. कौलावर घुबड ओरडतं म्हणून घरातली माणसं हबकली होती. तुम्ही मारुंजीला जायच्या आदल्या दिवशीच सोपानभाऊ पारावर सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाले होते, “ते अवलक्षणी घालव, न्हाईतर मी घालवतो.” तुम्ही तरातरा त्यांच्या दारात गेलात, मागून मी. ते अंगणात टेम्पो धूत होते. शब्दानं शब्द वाढला. शेवटी त्यांनी हातातली बादली खाली ठेवली, आत खाटेकडे बोट केलं आणि म्हणाले, “आईशप्पत, मी न्हाई घातलं.”

“आजारी आईची खोटी शप्पत घेतूस?” तुम्ही म्हणालात. “आजपास्नं तुजं माजं सपलं.”

मी तिथंच उभा होतो, दाजी. तुमच्यापासून दोन हातांवर. तोंडात मिठाची गुळणी धरून. ते एक वाक्य म्हणायला किती वेळ लागला असता? सोपानभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलंही. शिकलेला माणूस मध्ये पडेल असं त्यांना वाटलं असावं. मी जमिनीवरून वाहत आलेलं साबणाचं पाणी बघत राहिलो. तेव्हा सांगितलं असतं तर भाऊबंदांसमोर “आमचे मास्तर” मातीत गेले असते. बस, एवढंच कारण. दुसरं काही शोधून सापडत नाही.

वीस दिवसांनी त्या चुलती गेल्या. त्या आजारानंच गेल्या, सगळ्यांना दिसत होतं. पण गावात कुजबूज सुरू झाली: खोटी शपथ बाधली. पोरानंच आईला घालवलं. तुम्ही मातीला गेलात, खांदा दिलात, पण सोपानभाऊंशी बोलला नाहीत. आणि ती कुजबूज तुमच्या कानावर आली तेव्हा तुम्ही ती खोडलीही नाहीत. तेवढ्यापुरता माझा तुमच्यावर राग आहे. चूक माझी होती, पण त्या गोष्टीत तुम्ही एवढे कठोर व्हाल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या हंगामात उंदरांनी उच्छाद मांडला. जोडीतलं दुसरं घुबड दोन दिवस येऊन बसलं आणि निघून गेलं. मग शेडच्या पायाशी एक लांबलचक धामण राहायला आली. परभणीच्या पोरांची बोबडी वळली आणि तुम्ही मला फोनवर आनंदानं सांगितलंत, “मास्तर, थर्ड शिफ्टला बदली कामगार मिळाला!” तुमच्या आवाजात पुन्हा तो खट्याळपणा ऐकून मला इतकं बरं वाटलं, की तो दिवसही न सांगता तसाच गेला.

मग तुमचं पोट दुखायला लागलं आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं.

दवाखान्यात दुपारी अक्का घरी जायची तेव्हा मी तुमच्याजवळ बसायचो. तुम्ही चार चमचे पेज घ्यायचात आणि दमायचात. डॉक्टर म्हणाले, खाल्लेलं अंगी लागत नाही. तुम्ही डोळे मिटूनच मला म्हणालात, “ऐकलंत का मास्तर, धातला एक बी वर चढंना.” मी हसलो आणि बाहेर जाऊन रडलो. तुमचे पाय मी चोळायचो. हाडं हाताला लागत होती, पण पाय उबदार होते. चार चमचे पेजेतलं जे काही मिळत होतं ते सगळं तुमचं शरीर तेवढ्यासाठी वापरत होतं: छाती हलती ठेवायला, पाय उबदार ठेवायला, माझी चेष्टा करायला. तेव्हा मला तुमचं म्हणणं पटलं. ते नऊ भाग वाया जात नाहीत. जगणं म्हणतात ते त्यांनाच. शेवटच्या सकाळी मी पुन्हा पायाला हात लावला तेव्हा ते गार होते, आणि दहा टक्क्यांचा नियम शिकवणाऱ्या मला त्या गारठ्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. वाद तुम्ही जिंकलात, दाजी. हे तुम्हाला ऐकवायचं राहिलं.

आणि दुसरंही राहिलं. त्याच्या आदल्या आठवड्यात, दुपारीच, तुम्ही छताकडे बघत म्हणाला होतात, “सोपान आला आसता तर बरं झालं आसतं.” तुमचा रुसवा कधीच विरला होता, फक्त पहिलं पाऊल कुणी टाकायचं एवढंच उरलं होतं. मला फक्त फोन लावायचा होता. मी तुमची चादर सारखी केली आणि म्हटलं, “तुम्ही आराम करा.” सोपानभाऊ आले असते, तुम्ही दोघं बोलला असता, शपथेचं निघालं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं. मी तुमच्या मरणाच्या दारात बसून स्वतःची अब्रू सांभाळत होतो.

तेराव्याला सकाळी मी सोपानभाऊंच्या घरी गेलो. ते अंगणातच होते. मला बघून त्यांनी खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: निळ्या वड्या, दुकानाची पायरी, शेड, आणि त्यांच्या दारात मी गप्प राहिलो ते. बोलून झाल्यावर त्यांनी ती खुर्ची उचलून परत भिंतीशी नेऊन ठेवली.

“आई गेली तवा लोकं काय म्हणाली, ठावं हाय न्हवं तुला?”

“ठाऊक आहे.”

“मला सोताला बी वाटाय लागलं हुतं,” ते म्हणाले. “का माज्याच हातनं कायतरी झालं आन मीच इसरलो. इतकं सगळे म्हणाय लागले की माणूस सोतावर इश्वास ठेवत न्हाई.” मग थांबून म्हणाले, “तो आजारी हुता तवा मी तीनदा दवाखान्याच्या गेटापत्तुर आलो. वर न्हाई आलो. वाटलं, मला बघून त्याला तरास हुईल.”

मी वर होतो. तिन्ही वेळेला मी वर होतो, तुमच्या उशाशी.

मी हात जोडले. त्यांनी ते पाहिलेच नाहीत. “मला एकट्याला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय मी न्हाई घातलं त्ये. जिथं माजी शप्पत खोटी ठरली, तिथं सांग. समद्यांसमोर.”

पंगत बसली. भावकी, गावकरी, तुमच्या प्रेस शॉपमधली माणसं, परभणीची पोरंसुद्धा. सोपानभाऊ शेवटच्या पानावर येऊन बसले, दाराकडे तोंड करून. उठून जायची तयारी ठेवूनच बसले होते. माझ्या हातात आमटीची बादली होती. दोन पानं वाढून झाल्यावर माझ्यानं पुढं जाववेना. मी तिथंच मध्ये उभा राहिलो. शेवटी म्हटलं, “दाजींच्या शेडमधलं घुबड मी मारलं. उंदरांचं औषध मी ठेवलं होतं. सोपानभाऊंची शपथ खरी होती.”

तुमचे एक म्हातारे काका घास हातात घेऊन तसेच राहिले. मी आमटीचं ओगराळं घेऊन सोपानभाऊंच्या पानाकडे गेलो. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

मग अक्का आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातून बादली काढून घेतली, त्यांच्यासमोर वाकली आणि म्हणाली, “जेवा भावजी.” त्यांचा हात बाजूला झाला.

अक्का माझ्याशी अजून बोललेली नाही. बोलेल तेव्हा बोलेल. आणि नाही बोलली तरी तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सोपानभाऊ तुमच्या घरी जेवले, दाजी. आमटी-भात दोनदा मागून घेतला.